इथे राहत असत

डोंगराच्या पोटात कोरलेल्या लेण्यांचे एक गाव होते, आणि त्या गावी एकदा एक म्हातारा वाटाड्या राहत असे. सरकारी भाषेत गाइड. गावात त्याला सगळे नाना म्हणत. लेण्यांत वीज आली नव्हती त्या काळी नाना तरणा होता आणि आरसेवाल्याचे काम करी. म्हणजे दाराशी उभे राहून आरशावर ऊन घ्यायचे आणि आतल्या काळोखात, भिंतीवरच्या चित्रांवर फेकायचे. स्पेनची एक चित्रकार बाई त्या चित्रांच्या नकला करायला हिवाळ्यामागून हिवाळे येत राहिली. तिच्यासाठी आरसा धरता धरता नानाने तिची भाषा उचलली. पुढे वीज आली, आरसा गेला, भाषा मात्र राहिली. स्पॅनिश पाहुण्यांचा जथा आला की शहरातली प्रवासी एजन्सी नानालाच बोलावी, आणि निघताना ते पाहुणे नानाचे दोन्ही हात हातात घेऊन उभे राहत.

पण गुडघे कुणाचे ऐकतात का? नाना पायऱ्या चढताना आता मध्येच बसू लागला. एजन्सीच्या चित्रलेखाबाईंनी निरोप धाडला, की नाना, हा हंगाम तुमचा शेवटचा. तुमच्यामागे उभा राहील असा माणूस तयार करा. माणूसही त्यांनीच पाठवला. त्याचे नाव भागिनाथ.

भागिनाथ तालुक्याच्या गावाहून आला होता. तिशीचा, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, पदरी स्पॅनिशची पदविका. हॉटेलच्या रिसेप्शनवर रात्रपाळ्या करून तो पुरता विटला होता. हंगाम संपायच्या आत बाई स्वतः येऊन त्याची परीक्षा घेणार होत्या. उतरला तर स्पॅनिश जथे त्याचे. नाही तर पुन्हा तेच काउंटर, त्याच चाव्या, आणि झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी तेच ‘वेलकम सर’.

पोरगा हुशार होता, मेहनतीही होता. खोड एकच. संशय. दूधवाल्याने माप घातले की हा आधी त्यात बोट बुडवून पाही. कुणी गोड बोलले तर ह्याला वाटे, ह्याचे काहीतरी काम असणार. कुणी कडू बोलले तर वाटे, ह्याचे कान कुणीतरी भरले आहेत. अशा माणसाला गुरू मिळणे कठीण, आणि मिळालेला पचणे त्याहून कठीण.

पहिल्याच सकाळी नानाने त्याला एका रिकाम्या खोलीत नेले. डोंगर कोरून केलेली, एक दगडी ओटा असलेली, भिक्खूची खोली. तिथे बसवून नानाने त्याला एक क्रियापद दिले: राहणे. आणि त्याचा एकच काळ: पूर्वी नेहमी घडत असे, तो. यो बिबीआ, मी राहत असे. तू बिबीआस, तू राहत असस. मग तो, आम्ही, तुम्ही, आणि शेवटी बिबीआन, ते राहत असत. भागिनाथला हसू आले. हे तर त्याने पदविकेच्या पहिल्या वर्षातच गिळले होते. त्याने सहाही रूपे पाढ्यासारखी धडाधड म्हणून दाखवली.

नाना म्हणाला, चांगले आहे, आता ह्या खोलीत कोण राहत असे ते सांग.

भागिनाथने राजवंश सांगितला, शतक सांगितले, दान कुणी दिले, छिन्नी कुणी मारली, सगळे सांगितले. नानाने ऐकून घेतले आणि म्हणाला, हे बाहेरच्या पाटीवर आहे, पुन्हा सांग. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अखेर वैतागून भागिनाथने साधी साधी वाक्ये टाकली: इथे भिक्खू राहत असत, पावसाळ्यात बाहेर जात नसत, ह्या दगडावर निजत असत, थंडीत त्यांचीही हाडे दुखत असतील. तेव्हा कुठे नानाची मान डोलली. मग म्हणाला, “आता ‘मी’ लाव.”

“मी कशाला, नाना? लेणी भिक्खूंची.”

“मी राहत असे. इथून सुरू कर, आणि पुढं सांग.”

भागिनाथने ‘यो बिबीआ’ म्हटले आणि तो तिथेच थांबला. पुढचे वाक्य आले नाही. नाना वाट पाहून उठला, आणि ‘होईल, होईल’ म्हणत काठी टेकत निघून गेला. त्यानंतर रोज तेच. दुसरे क्रियापद नाही, दुसरा काळ नाही, आणि ‘मी’पाशी येऊन गाडी अडलेली.

आता भागिनाथच्या डोक्यात किडा वळवळू लागला. म्हाताऱ्याला शिकवायचेच नाही, हे त्याने ओळखले. आपल्याकडे विद्येविषयी ही जुनीच समजूत आहे ना, की मांजरीने वाघाला सगळे शिकवले आणि झाडावर चढणे तेवढे राखून ठेवले? भागिनाथ ते राखलेले झाड शोधू लागला.

आणि शोधणाऱ्याला काय, सापडतेच. जथा आला की नाना त्याला सोबत घेई, पाण्याच्या बाटल्या धरायला लावी, भिंतीवरची चित्रे समजावताना मध्येच त्याच्याकडून दोन वाक्ये बोलवून घेई. पण शेवटल्या लेण्यातल्या कोपऱ्यातल्या खोलीपाशी आले, की दर वेळी म्हणे, भागिनाथ, खाली जाऊन गफूरभाईला चहा टाकायला सांग. चहा काय, हाक मारूनही सांगता आला असता! भागिनाथ खाली जाई, आणि वर वळून पाही तर पाहुणे खोलीतून डोळे पुसत बाहेर येत असत. बायका नानाचा हात सोडत नसत. इथेच आहे, भागिनाथ मनात म्हणाला, मुख्य मंत्र इथेच आहे, आणि म्हातारा मला मुद्दाम खाली पिटाळतो.

एके दिवशी त्याने मोबाइल रेकॉर्डिंगवर टाकला, त्या खोलीच्या कोनाड्यात ठेवला, आणि मुकाट्याने चहा सांगायला गेला.

दुपारी एकटा बसून त्याने ते ऐकले. नानाची स्पॅनिश अगदी साधी होती. नाना पाहुण्यांना सांगत होता: इथे भिक्खू राहत असत. ते गेल्यावर वटवाघळे राहत असत. नंतर, मी आरसा धरत असे त्या दिवसांत, दुपारचे आम्ही दोघे इथे असू. माझी बायको भाकरी घेऊन डोंगर चढत असे. चढताना ती गुणगुणत असे, म्हणून ती दिसायच्या आधीच मला कळत असे. मी जेवत असे तेवढा वेळ आरसा ती धरत असे, आणि तिचा हात मुद्दाम हलत असे, म्हणजे आतल्या चित्रांतली माणसे हलत असत, आणि चित्रकार बाई आतून ओरडत असे, आणि ही हसत असे.

भागिनाथने तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा ऐकला. पण ते मनात उतरायच्या आत संशय पुढे धावला. बायको? कुठली बायको? त्याने कधी पाहिली नव्हती, कधी नाव ऐकले नव्हते. त्याने गफूरभाईला सहज विचारल्यासारखे विचारले. गफूरभाई कप विसळत म्हणाला, मी ही टपरी टाकली तेव्हापासून नाना एकटाच आहे, आधीचं आपल्याला ठाऊक नाही. झाले! भागिनाथने हिशेब पुरा करून टाकला. म्हाताऱ्याने बायको रचली होती. पाहुण्यांना रडवायचे, म्हणजे एजन्सी दर हंगामाला ह्यालाच बोलावणार. नाटक्या कुठला. आणि नाटकच करायचे असेल तर त्याला वय कशाला लागते? त्याने ते सगळे शब्दन् शब्द पाठ केले, कुठे आवाज उतरतो तेही. आरशाच्या जागी फक्त बॅटरी घातली.

परीक्षेच्या दिवशी नानाचा गुडघा सुजला होता, म्हणून तो घरीच राहिला. चित्रलेखाबाई आल्या. जथा वयस्कर पाहुण्यांचा होता, काठ्या घेऊन, टोप्या घालून आलेल्या माणसांचा. भागिनाथ छान बोलला. बाई मागे उभ्या राहून मान हलवत होत्या. त्यांनाही कामापुरती स्पॅनिश कळे. शेवटल्या खोलीत त्याने सगळ्यांना अर्धगोल उभे केले, क्षणभर थांबला आणि सुरू केले. इथे भिक्खू राहत असत. नंतर वटवाघळे. मग, मी इथे बॅटरी धरण्याचे काम करत असे तेव्हा, माझी बायको भाकरी घेऊन चढत असे, आणि चढताना गुणगुणत असे. आवाज जिथे उतरायचा तिथे उतरला. एकदोघांनी रुमाल काढले. बाईंचा चेहरा गंभीर झाला. भागिनाथला कळले की आपण पास झालो.

पुढच्या रांगेत आखूड पांढऱ्या केसांची एक म्हातारी उभी होती. तिने रुमाल काढला नव्हता. बाकीचे बाहेर पडू लागले तशी ती त्याच्याजवळ आली, आणि शाळेतल्या मास्तरीणबाई मुलाशी बोलतात तशा हळू, सुट्या शब्दांत म्हणाली, की हे त्या म्हाताऱ्या गृहस्थांचे आहे. मागे मी नवऱ्याबरोबर आले होते, तेव्हा त्यांच्या तोंडून ऐकले. आता नवरा नाही. हेच पुन्हा ऐकायला मी इतक्या लांब आले.

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. तिने एवढेच विचारले, “इ तू? दोंदे बिबीआस?” आणि तू? तू कुठे राहत असस?

सहाही रूपे येत होती त्याला. ह्या दुसऱ्या रूपाला पहिल्या रूपाने उत्तर द्यायचे, हे तर पहिल्या धड्यातले. पण ओठ हलले नाहीत. दाराशी चित्रलेखाबाई उभ्या होत्या आणि त्यांनी सगळे ऐकले होते. पाहुणे उद्या सकाळी निघणार आहेत एवढे सांगून त्या खाली उतरल्या.

भागिनाथ थेट नानाच्या घरी गेला. माफी मागायला गेला असे तुम्हाला वाटेल. तो भांडायला गेला होता. नाना ओसरीवर गुडघ्याला तेल लावत बसला होता. भागिनाथने उभ्यानेच सगळे ओकून टाकले. तुम्ही मला मुद्दाम एका क्रियापदावर लटकवून ठेवलेत. दर वेळी खाली पिटाळलेत. बायकोची खोटी गोष्ट रचलीत, आणि आज माझी अब्रू गेली. रेकॉर्डिंगचेही त्याने सांगून टाकले, जणू तीही नानाचीच चूक होती.

नानाचा तेलाचा हात थांबला. त्याने तेलाची वाटी बाजूला सारली. मग म्हणाला, “तिचं नाव कावेरी. लग्नाला फार दिवस झाले नव्हते, तापानं गेली. गावात माझ्या वयाची माणसं उरली नाहीत, म्हणून कुणाला ठाऊक नाही. तुला खाली का पाठवत होतो सांगू? ते मला मराठीत सांगता येत नाही. आजवर कुणाला सांगितलं नाही. परक्या भाषेत परक्या माणसांना सांगतो, तेव्हा जीभ उचलते. तू समोर असलास की स्पॅनिशसुद्धा मराठी होते रे.”

भागिनाथ खाली बसला. आपण कुणाच्या घरात शिरून काय उचलून आणले, हे त्याला आता कळले आणि त्याला स्वतःची शिसारी आली.

नाना पुढे बोलला, आणि ह्या कथेत सांगण्यासारखे आहे ते इथेच आहे. “हे बघ. लेणं कधी कोरलं, कुणी कोरलं, राजा कधी मेला, हे एकदा घडून गेलेलं. ते पाटीवर मावतं. ते कुणालाही पाठ होतं, आणि चोरताही येतं. पण जे रोज घडत असे ते चोरता येत नाही. ऐकणारा दुसरा प्रश्न विचारतो, मग तिसरा विचारतो. तिथं राहिलेल्या माणसाची उत्तरं संपत नाहीत. न राहिलेल्याची पहिल्याच प्रश्नाला वाचा बसते. म्हणून मी तुला एकच क्रियापद दिलं. ते मला शिकवायचं नव्हतंच, तुझ्याकडून ऐकायचं होतं. जो स्वतः कुठं राहत होता ते सांगू शकत नाही, तो दोन हजार वर्षांपूर्वीचे भिक्खू कुठून जिवंत करणार?”

“मग हे आधी का नाही सांगितलंत?”

“सांगितलं असतं तर?”

भागिनाथने खरे तेच सांगितले. “संशय घेतला असता.”

“चोराच्या मनात चांदणं म्हणतात,” नाना म्हणाला, “चोर नाही म्हणत मी तुला. पण ज्याला आपलं काही झाकायचं असतं ना, त्याला सगळं जग झाकतंय असंच दिसतं. कुठं राहायचास रे तू?”

भागिनाथ मान खाली घालून बसला. नाना म्हणाला, मराठीत येत नसेल तर त्या भाषेत सांग. नाही तर आपण ती शिकलो कशाला?

मग ‘यो बिबीआ’च्या पुढचे वाक्य आले. अडखळत आले, आणि नानाने एकदोनदा क्रियापदाची रूपे सुधारली, कारण मास्तर तो मास्तर. भागिनाथ सांगत राहिला आणि दिवेलागणीची वेळ झाली तरी ओसरीवरून कुणी उठले नाही.

सकाळी गफूरभाईच्या टपरीसमोर पाहुण्यांची बस उभी होती. चित्रलेखाबाई यादी घेऊन माणसे चढवत होत्या. आखूड केसांची म्हातारी आपल्या बहिणीसोबत बाकावर चहा पीत होती. भागिनाथ तिच्यापुढे जाऊन उभा राहिला. इस्त्रीचा शर्ट होताच, पण मान कालसारखी ताठ नव्हती. आधी त्याने कालची चोरी कबूल केली. मग म्हणाला, तुम्ही विचारलेत, त्याचे उत्तर द्यायला आलो आहे.

“आम्ही कुठेच राहत नसू,” त्याने सांगितले. माझे वडील पाथरवट. गावोगाव जाऊन लोकांच्या जात्या-पाट्यांना छिन्नीने पुन्हा खरखरीतपणा देत असत, त्याला आम्ही टाकी लावणे म्हणतो. आई गल्लोगल्ली ‘टाकीऽऽ’ म्हणून हाळी देत असे. गाढवावर आमचे घर असे. ज्या गावात चार महिने मुक्काम पडे, तिथल्या शाळेत मला बसवत असत. मास्तर विचारत असत, कुठे राहतोस? तेव्हा मी खिडकीतून दिसेल ते पक्के घर दाखवत असे.

म्हणून त्याला सगळ्यांचा संशय येई. उद्या कोण त्या घरात जाऊन विचारेल आणि आपले बिंग फुटेल, ह्या धास्तीत तो वाढला होता. हे त्याने सांगितले नाही. चित्रलेखाबाई हातातली यादी खाली करून ऐकत होत्या, त्यांना ते कळले. त्यांच्याकडच्या अर्जात त्याने वडील बांधकाम कंत्राटदार लिहिले होते.

म्हातारीने विचारले, त्या घरातली माणसे कधी बाहेर येत नसत? कधी कधी येत असत, भागिनाथ म्हणाला, मग मी पळत असे, आणि ती माणसे भाबडी, त्यांना वाटे मी त्यांच्या बोरीची बोरे चोरायला आलो. म्हातारी हसली. तिने विचारले, तुझे वडील दगड कसा निवडत असत? तो म्हणाला, टिचकी मारून दगडाला कान लावत असत. काय ऐकत असत? ते सांगत नसत. म्हणत, तुला ऐकू आले की तूच मला सांग. तिने पुढे विचारले, आणि त्याच्या पुढे विचारले, आणि दर प्रश्नाला उत्तर होते. भागिनाथला त्याचेच नवल वाटत होते.

मग म्हातारीने कप बाकावर ठेवला आणि स्वतःच बोलू लागली. माझा नवरा दार उघडेच टाकून बाहेर जात असे. मी त्याच्यावर ओरडत असे. तो अर्ध्या रस्त्यातून परत येऊन दार लावत असे आणि टोपी आतच विसरत असे. म्हणून पुन्हा येत असे. शेजारी बसलेली बहीण तिच्याकडे बघतच राहिली. बहीण भागिनाथला हळूच म्हणाली, की तो गेल्यापासून ही फक्त दवाखान्यातला शेवटचा दिवस सांगते, कुणीही भेटले तरी तेवढाच. हे आज पहिल्यांदा बोलली.

ड्रायव्हरने हॉर्न दिला. चित्रलेखाबाईंनी हात करून त्याला थांबवले. मग भागिनाथला बाजूला घेऊन म्हणाल्या, “पुढच्या जथ्याला तुम्हीच या. नानांच्या भाकरीची गोष्ट मात्र नानांचीच राहू दे. आणि अर्ज नवा भरा.” भागिनाथने मान हलवली आणि परत जाऊन म्हातारीशेजारी बसला, कारण तिचे अजून सांगून झाले नव्हते. खरे सांगते की खोटे, हा विचार त्याच्या मनात आला नाही.

आपल्याकडेही कुणी गेले की आपण दारात चपला काढता काढता विचारतो, कधी गेले, कशाने गेले. पुढल्या वेळी एवढे विचारून थांबू नये. कसे राहत असत, हेही विचारावे, आणि मग उठायची घाई करू नये.